मनकर्णाबाईंची तूर

गोरेगावात मनकर्णाबाईंच्या तेरव्याला अडीचशे माणूस जेवून गेलं. पोळ्या जरा वातड झाल्या होत्या, वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं, पण वरणाला कुणी नाव ठेवलं नाही. मनकर्णाबाईंचा लेक पुंजाजी दुसऱ्यांदा वाटी पुढं करून म्हणाले, "मायच्या हातचं लागून राहिलं." पद्माबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वाटी काठोकाठ भरली. एक्याण्णव वर्षांच्या सासूला असा निरोप मिळाला म्हणून त्यांना बरं वाटलं.

ते वरण कशाचं होतं हे त्यांना दुसऱ्या दिवशी भांडी जागेवर लावताना कळलं.

मागच्या खोलीत फळीवर तुरीची दोन मडकी असायची. दोन्हींत राख कालवलेली, दोन्हींची तोंडं शेणामातीनं लिंपलेली. एक खायचं, एक बियाण्याचं. बियाण्याच्या मडक्यावर मनकर्णाबाई चुन्यात बुडवलेला अंगठा उठवून ठेवायच्या. अंगठाही साधा नव्हता. लहानपणी ज्वारी कापताना विळ्यानं त्याचं टोक गेलेलं, त्यामुळं ठसा वरून सपाट यायचा. दहाव्याला सुतक फिटताना घर धुवायचं असतं, भिंतींपासून गाडग्या-मडक्यांपर्यंत सगळं. पद्माबाईंनी काथ्यानं घासून दोन्ही मडकी अगदी लख्ख केली होती, त्यात चुन्याचा ठसाही गेला होता. आणि बाराव्या दिवशी दाळ कमी पडेल असं वाटल्यावर त्यातलं एक उचलून पाहुण्या बायांपुढं स्वतःच ठेवलं होतं, "भरडा एवढी" म्हणून.

फळीवरच्या दुसऱ्या मडक्याचं तोंड फोडून त्यांनी हात घातला. आत तांबडी तूर होती, खायची. बियाण्याची पांढरी तूर अडीचशे माणसांनी मागून मागून खाल्ली होती.

ती तूर मनकर्णाबाईंनी अकराव्या वर्षी जवळा बाजाराकडच्या माहेराहून पदराच्या गाठीत बांधून आणली होती. रझाकारांच्या धामधुमीत गाव वाशिमकडं पळालं तेव्हा बाकीच्या बायांनी डागिने उचलले, त्यांनी मडकं उचललं. बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर खडी फोडली, रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, पण मडक्याचं तोंड फोडलं नाही. त्यावरून नवरा महिनाभर बोलला नाही. हे सांगताना म्हातारी तोंडाला पदर लावून हसायची. "बरं झालं बाई, म्हैनाभर कानाला आराम व्हता."

पद्माबाई हिंगोलीच्या, वडील कचेरीत शिपाई. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना तुरीचं रोप ओळखू येत नव्हतं. सासूनं त्यांचा अंगठा हातात धरून तूर टोबायला शिकवलं. वीत आणि चार बोटं अंतर, अंगठ्यानं भोक, दोन दाणे, वर माती. सातव्या भोकात तीन दाणे, तिसरा पाखराचा. पुढं पद्माबाई अंगणवाडीत लागल्या, बत्तीस वर्षं लेकरांची वजनं घेतली, आणि काट्यावर दिसेल तेवढंच खरं मानायची सवय त्यांना लागली. सासूवर मात्र त्यांचा फार जीव होता. शेवटच्या दुखण्यात म्हातारी एवढंच बोलली होती, "पदमे, मडकं आता तुह्यापाशी."

उभ्या आयुष्यात सासूनं त्यांच्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

मिरगात पाऊस झाला. लेक विजयकुमारनं ट्रॅक्टरवर सोयाबीन पेरलं आणि दरवर्षीसारखी धुऱ्याकडची, बांधालगतची सहा ओळींची जागा आजीच्या तुरीसाठी मोकळी सोडली. त्याच धुऱ्यावर पळसाखाली मनकर्णाबाईंना अग्नी दिला होता.

"उद्या टोबून घे, विजूची माय," पुंजाजी म्हणाले. "घरच्या बाईनंच टोबावं लागते ते."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पुंजाजी काही रागीट माणूस नव्हे. ते नुसते गप्प झाले असते, आणि पद्माबाईंना तेच सोसणार नव्हतं. रिकामं मडकं टोपल्यात घेऊन त्या वावरात गेल्या. दुपारपर्यंत पळसाखाली बसल्या, पोटभर रडल्या. उठताना उजवा अंगठा चिखलात बुडवला आणि घरी आल्या.

"झाली टोबून?"

"झाली."

नऊ दिवसांनी पुंजाजी वावरातून आले आणि ओसरीवर टेकले. पद्माबाईंनी चहा पुढं केला.

"मायची तूर निघाली," ते म्हणाले.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? तू टोबली तिथंच. अगदी मायसारखी टोबली, एक दाणा वाया गेला न्हाई. मले तर रडूच आलं पाहून." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "सहावी वळ तेवढी अर्धीच काहून सोडली?"

"पाठ दुखून राहिली व्हती," पद्माबाई म्हणाल्या. हातातलं पातेलं त्यांनी हळूच खाली ठेवलं.

मागच्या साली कापणीत गळालेली तूर असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पडलेला दाणा पाऊस लागला की उगवतो, त्यात काय एवढं. त्या रात्री त्यांना झोपही बरी लागली.

सकाळी त्या एकट्याच गेल्या. ऊन चांगलं वर आलं होतं, काळी माती चपलेला चिकटत होती. पाच ओळी, दोरी धरल्यासारख्या सरळ, धुऱ्याच्या या टोकापासून, पळसाखालून, त्या टोकापर्यंत.

पद्माबाई खाली बसल्या. वीत टाकली, पुढं चार बोटं टेकवली. बोटांशेजारी रोप होतं. जोडीनं, दोन. पुन्हा वीत, चार बोटं, दोन रोपं. सातव्या जागी तीन होती.

त्या चौदाव्यापर्यंत गेल्या. तिथंही तीनच होती.

त्यांनी एक रोप अलगद उपटून पाहिलं. मुळाशी दाण्याचं साल अजून चिकटलेलं होतं. पांढरं.

सहाव्या ओळीत रोप एकही नव्हतं. ओळ ताजी होती. प्रत्येक जागेवरची माती अंगठ्यानं दाबून बसवलेली, आणि दाबल्याची खूण वरून सपाट.

चिखलात आजूबाजूला पावलं शोधली. धुऱ्यावर पुंजाजींची कालची होती, ओळीशी पद्माबाईंच्या चपलेची तेवढी.

अर्ध्यावर, पळसाच्या सावलीत, शेवटचं भोक उघडंच होतं. आत दाणे नव्हते. पुढं नुसती माती.

पद्माबाई त्या भोकाशेजारी बसून राहिल्या.

"आत्याबाई," शेवटी त्या म्हणाल्या, "मीच पुसला तुमचा अंगठा. मीच दिली भरडायला. ह्यायले अजून सांगितलं न्हाई मी."

पळसावर मघापासून घुमत असलेला होला थांबला.

बराच वेळ गेला. उठायला म्हणून त्यांनी हात टेकला, तर पदर जड लागला.

टोकाला गाठ होती. आवळून मारलेली, जुन्या बाया मारायच्या तशी. पद्माबाई पदराला कधी गाठ मारत नसत, त्यांच्याकडं पाकीट होतं.

दातानं सोडवली. आत राख, आणि राखेत पांढरी तूर.

त्यांना भ्यायला हवं होतं. पण राखेला त्या मागच्या खोलीचा वास होता, म्हातारीच्या लुगड्याचा वास होता, आणि पद्माबाईंना एवढंच वाटलं की ती आपल्यावर रुसलेली नाही. त्यांनी डोळे पुसले आणि उघड्या भोकात दोन दाणे सोडले. वीत, चार बोटं, दोन दाणे. सातव्याला तीन. ओळ पुरी झाली तरी मूठभर उरली.

घरी येऊन त्यांनी आधी पुंजाजींना सगळं सांगितलं, तेरव्याच्या वरणापासून पदराच्या गाठीपर्यंत. पुंजाजी ऐकत राहिले. ते गप्प झाले, पण उठून गेले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "उरली ते मडक्यात भरून ठेव."

पद्माबाईंनी उरलेली मूठभर तूर राखेसकट मडक्यात भरली, तोंड शेणामातीनं लिंपलं. चुन्याच्या डबीत अंगठा बुडवला आणि मडक्याच्या पोटावर नीट दाबला.

ठसा वरून सपाट आला.

त्यांनी पुन्हा चुना घेऊन शेजारी दुसरा उठवला. तोही तसाच आला.

मग त्यांनी अंगठा दारातल्या उजेडात धरून पाहिला. तो शाबूत होता, आणि चुना पार टोकापर्यंत लागलेला होता.