असीरगडाचा फितूर सापडत नाही

"मी लबाडी केलेली नाही, एवढं तुमच्या तोंडून त्या बायकांना सांगा. माझ्या तोंडून कोणी ऐकत नाही."

बाई तिशीची होती. पांढरं पातळ, कोरं कपाळ, बोलणं ताठ. नाव सरुबाई.

कौतिक खट्टू झाला. खून नाही, दरोडा नाही. तो जसोंडी गावचा केळीवाला. शेतावर गडी राबत आणि हा शहरात बुधवारा पेठेत, सुताच्या दुकानावरच्या खोलीत, दोस्ताच्या तपासांना हातभार लावायला येई. हातभार म्हणजे बहुतेक चहा पिणं. त्याचा दोस्त लीलाधर पूर्वी सरकारी कारकून होता. अडीच महिन्यांपूर्वी नवं मध्यप्रदेश राज्य झालं, दफ्तर नागपूरहून भोपाळला गेलं. लीलाधर गेला नाही. त्याने दारावर पाटी लावली : खाजगी तपास.

"लबाडी कशात?" लीलाधरने विचारलं.

"खेळात."

कौतिकला हसू फुटलं. सरुबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तिथेच विरलं.

"हसा भाऊ. इथल्या लालबागचं महिला मंडळ बालवाडी काढतंय. बाई म्हणून माझं नाव ठरलं होतं. आता अध्यक्षीणबाई म्हणतात, खेळात लबाडी करणारीच्या हाती पोरं द्यायची नाहीत. सोमवारी दुसरीला ठेवतील. मग मी परत दिराच्या चुलीपुढे, जन्मभर."

कौतिकने चहाचा कप खाली ठेवला.

खेळ निर्मलेने रचला होता. ती शाळेत शिकवायची. लालबागेत तिच्या घरी दोघं पोचले तेव्हा ती फळ्यावर नियम खोडत बसली होती.

"चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या ठाऊक आहेत ना? त्याचंच मी नवं केलं," ती म्हणाली. "पाच जणी म्हणजे असीरगड किल्ल्याची शिबंदी, पहाऱ्याची फौज. एकीच्या चिठ्ठीवर फितूर. मी म्हणते, डोळे मिटा. मग फितुराने एकटीने डोळे उघडायचे, मधली कवडी उचलून एकीपुढे ठेवायची. ती मेली. मग सगळ्यांनी डोळे उघडायचे, वाद घालायचा आणि फितुराकडे बोट दाखवायचं."

"आणि सरुबाई सापडत नाहीत."

"चार वेळा फितूर झाली, एकदाही नाही. बाकीच्या लगेच सापडतात. अध्यक्षीण सोजरबाई म्हणतात, तिने चिठ्ठ्यांना खुणा केल्या."

"केल्या असतील?"

"कशा करील? दर डावाला मी कोऱ्या वहीतून नव्या फाडते, दुमडते आणि वाटते."

"मग फसलाय तुमचा खेळ," लीलाधर म्हणाला.

निर्मला चिडली नाही. "मलाही तेच खुपतंय. मी भांडणासाठी खेळ रचला. एकमेकींची तोंडं बघावी, उलटतपासणी करावी. पण डोळे उघडले रे उघडले की बोटं तयार! सरु फितूर असली की मात्र अर्धा तास कल्ला. आणि तिसऱ्या शनिवारी तर प्रत्येक डाव रंगला. त्या दिवशी कोणीच सापडलं नाही."

"तो शनिवार वेगळा कसा?"

"काहीच वेगळं नाही. तीच माणसं. फक्त नेहमीसारखं इथे सोजरबाईंच्या माडीवर न बसता अलकाच्या घरी बसलो, बुधवाऱ्यात."

अलकाच्या घरात शिरताच कौतिकने कानांवर हात ठेवले. भिंतीपलीकडे यंत्रमाग खडखडत होते.

"सवय होते भाऊ!" अलका ओरडूनच बोलली. तिने बांगड्या मागे सारून चहा गाळला. "सरु? अच्छी है बेचारी. पण सापडत नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे ना? हम सब पकडे जाते हैं, ती एकटी कशी नाही?"

"तुम्ही दर वेळी सापडलात?"

"पहिल्या शनिवारी एकदा वाचले. काय थंडी होती! ह्यांचा स्वेटर घालून गेले होते, बाह्या बोटांपर्यंत. सगळ्या हसल्या मला. पण वाचले."

"आणि तुम्ही दुसऱ्यांना ओळखता कशा?"

अलकाने कपाकडे पाहिलं. "असंच. आतून वाटतं."

शेवटी सोजरबाई. मंडळाच्या अध्यक्षीण. माडी मोठी आणि इतकी शांत की खालच्या अंगणातलं झाडणं ऐकू यावं.

"पुरुषमाणसं बायकांच्या खेळात कशाला?" त्यांनी दारातच विचारलं.

"सरुबाईंनी नेमलं आहे आम्हाला."

"बघा! लबाड नाही तर काय? खऱ्या माणसाला असले वकील लागतात?"

"तुम्ही कशा ओळखता फितूर?"

"मला माणसं कळतात. वीस वर्षं मंडळ चालवते मी."

जिना उतरताना कौतिक म्हणाला, "मला तर वाटतं, निर्मलावहिनीच सरुबाईला सामील आहे. डोळे उघडे ठेवून तीच बसते."

"सामील असती तर स्वतःचा खेळ फसला म्हणून रडली असती का? कौतिक, बुधवाऱ्यातून डझनभर काचेच्या बांगड्या आण."

"कोणासाठी?" कौतिक लाजला.

"तुझ्यासाठी. आणि उद्या शनिवारी धोतर गुडघ्यावर खोचून ये, पायात वहाणा नकोत."

शनिवारी माडीवर पाच जणी गोल बसल्या : सोजरबाई, अलका, मालूबाई, मालूबाईची जाऊ आणि थोडी सरकून सरुबाई. निर्मला बाजूला. या खेपेला चिठ्ठ्या लीलाधरने लिहिल्या, त्यानेच वाटल्या.

"डोळे मिटा. फितुराने उघडावेत."

कौतिक अनवाणी सोजरबाईंच्या मागे गेला. सांगितल्याप्रमाणे त्याने बांगड्यांचा जुडगा त्यांच्या खांद्याशी हलकेच हलवला. किण्ण. लीलाधरने स्वतःच कवडी मालूबाईच्या जावेपुढे सरकवली. कौतिक दाराशी परतला.

"उघडा."

"सोजरबाई!" मालूबाई आणि अलका एकदमच म्हणाल्या. मेलेल्या जावेनेही तिकडेच बोट केलं. सोजरबाईंचं बोट शेजारच्या मालूबाईवर होतं.

"सरुबाई, तुमचं?"

"मला अजून कोणाचा चेहरा नीट बघूच दिला नाहीत."

"चिठ्ठ्या उघडा," लीलाधर म्हणाला.

शिबंदी. शिबंदी. पाचही चिठ्ठ्यांवर शिबंदी. फितूर नव्हताच.

कौतिकने ओशाळून बांगड्या वर धरल्या.

"अलकाबाईंना आतून वाटतं, सोजरबाईंना माणसं कळतात," लीलाधर म्हणाला. "आज कौतिकच्या बांगड्या कळल्या. मागांच्या खडखडाटात कोणीच सापडलं नाही, तेव्हा मी कान धरला. अलकाबाई स्वेटरच्या बाह्यांमुळे वाचल्या, तेव्हा हात धरला. कवडी उचलली की काच वाजते. ते तुम्ही प्रत्येकीने हेरलं, आणि प्रत्येकीला वाटलं, ही युक्ती माझ्या एकटीची. म्हणून कोणी बोललं नाही. डोळे मिटून कानाने बघत होतात, बायांनो!"

"मग ही कशी..." सोजरबाई सरुबाईकडे वळल्या आणि थांबल्या.

"बघा की. आज तरी तिच्या हाताकडे बघा. नवरा गेल्यावर तुम्हीच ते रिकामे केलेत ना? मग चार शनिवार समोर बसून एकीलाही ते दिसले नाहीत? तिच्या बाजूने आवाज आला नाही, तर तुम्ही तिलाच चोर ठरवलंत. इथे चौघी लबाड होत्या. पाचवीवर आळ घेतलात!"

अलकाने तोंडावर पदर घेतला.

कौतिकला मात्र एक शंका छळत होती. "पण सरुबाई, तुम्हीही कधीच ओळखलं नाही कोणाला. तुम्हाला आवाज येत नव्हता?"

"यायचा की. दुसऱ्या शनिवारीच कळलं मला. पण कान देऊन बोट दाखवायचं, तर डोळे तरी कशाला मिटायचे?"

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू भाऊ? माझ्या हातात बांगड्या नाहीत, हे यांच्यापुढे मी उभं राहून सांगू?"

सोजरबाई सरुबाईजवळ सरकल्या. बाई हट्टी होती, पण कोडगी नव्हती.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "सोमवारी तूच ये. पोरं नऊला येतील, तू साडेआठला ये. किल्ली तुझ्याकडेच राहील." आणि लगेच आवाज चढवून, "पण निर्मले, खेळाचं काय? सवाशिणींनी बांगड्या उतरवायच्या असला नियम चालणार नाही हं!"

निर्मला कधीची वहीत खरडत होती. "कोणी काही उतरवायचं नाही. डोळे मिटले की सगळ्यांनी डाव्या हाताने पाट बडवायचा. दणादण! कवडी उजव्या हाताने. येऊ दे ऐकू काय येतं ते!"

पाट आणले. या खेपेला चिठ्ठ्या निर्मलेने वाटल्या. असा धडाका उठला की खालून गडी धावत वर आला. डोळे उघडले तर कवडी सोजरबाईंपुढे, आणि बोट कोणाचंच तयार नाही. चौघी एकमेकींची तोंडं न्याहाळू लागल्या. आळ फिरला. मालूबाई जावेवर घसरली, जावेने घरचं जुनं भांडण उकरलं, अलका पोट धरून हसली. निर्मलेचा चेहरा उजळला.

मग अलकाची नजर सरुबाईवर ठरली. सरुबाईने ओठ दाबून धरले होते, गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"ए, हीच! बघा तोंड तिचं!"

"धरली गं!" मेलेल्या सोजरबाई ओरडल्या.

सरुबाईने फितुराची चिठ्ठी मधोमध फेकली आणि ती मोठ्याने हसली. कौतिकला वाटलं, फासावर जाताना इतकं खूश माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

"धरलंत बाई, धरलंत," ती म्हणाली. "निर्मले, वाट पुन्हा."