खड्ड्यात खोचलेला स्क्रूड्रायव्हर

व्हर्जिल हॅस्केटने तीस वर्षं शाळेची बस हाकली आणि निवृत्त झाल्यावर तो डोंगर उकरायला लागला. पोट असं की बुटाची नाडी बायकोने बांधावी. पण ऐट बघाल तर, कोलोरॅडोतले सगळे धुरकट स्फटिक देवाने याच्याच नावाने पुरून ठेवलेत!

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी तो बायकोला, नीव्हाला घेऊन फ्लोरिसंट गावाच्या पलीकडच्या सरकारी जंगलात निघाला. हॅमची सँडविचं, थर्मासभर कॉफी, दोन कुदळ्या आणि स्फटिक गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं. नकाशा बघून झाला होता, त्या उतारावर खणायचा हक्क कुणाच्या नावावर नोंदलेला नव्हता.

जागा शोधायची रीत सोपी आहे. मान खाली घालून ओघळाने चढायचं. स्फटिकाचा तुकडा दिसला की त्याच्या वर बघायचं, मग आणखी वर. तुकडे जिथे संपतात तिथेच खडकात पोकळी असते. खणणारे तिला खिसा म्हणतात. व्हर्जिल हे ज्ञान सगळ्यांना शिकवायचा आणि चढायला मात्र नीव्हाला पुढे काढायचा.

"इथं संपले बघ तुकडे," नीव्हा वरून म्हणाली. "पण कुणीतरी आधीच खणलंय."

कड्यावरच्या एका पाइनच्या झाडाखाली मांडीइतका रुंद खड्डा होता. तोंडाशी ओल्या लाल मातीत एक स्क्रूड्रायव्हर खोचलेला. पातं गंजून पापुद्रे सुटलेलं, लाकडी मूठ कुजलेली.

आता तिथला खणणाऱ्यांचा नेम असा, की काम संपलं तर खड्डा बुजवून जायचं. आणि अवजार खड्ड्यात ठेवलं असेल तर मालक जवळच आहे, जेवायला गेलाय, हात लावायचा नाही. चोरटासुद्धा हा नेम पाळतो.

"अवजार आहे. चल," नीव्हा म्हणाली.

"अगं, याचा मालक जेवायला गेला तेव्हा तुझी आई परकरात होती!" व्हर्जिल हसला. त्याने तोंडावर हात धरून हाक मारली, "ओ पाहुणे! जेवण झालं का?"

कुणी ओ दिली नाही. त्याने स्क्रूड्रायव्हर उपटून बाजूला टाकला.

खड्ड्यात वाकायला गेला तर पोट आडवं आलं. शेवटी बडबड करत नीव्हाच पालथी झोपली आणि तिने उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. आतून वास आला, भिजलेल्या लोखंडाचा. जरा वेळाने तिने एक स्फटिक बाहेर काढला. वीतभर लांब, बिनदुधाच्या चहासारखा तपकिरी, टोकाला काळा. व्हर्जिलने टोपी हवेत उडवली. मग दुसरा आला, मग तिसरा.

चौथ्याला नीव्हा थांबली.

"व्हर्जिल... दुसऱ्या बाजूनं तू हात घातलायस का?"

"मी तुझ्या पायाशी उभा आहे, बाई."

"थट्टा नको. मी आत काही शोधतच नाहीये. नुसता तळवा उघडा ठेवलाय... आणि कुणीतरी त्यात ठेवतंय."

व्हर्जिलच्या थट्टांना सगळा गाव कंटाळला होता. लग्नात त्याने सासऱ्याच्या बुटात लोणच्याची काकडी घातली होती. म्हणून तिला वाटलं, ही त्याचीच करामत. आणि त्याला वाटलं, आज हिने डाव उलटवला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"काढ हात," तो हळूच म्हणाला.

"निघत नाही."

"अडकलाय?"

"नाही रे... धरलाय. दाबत नाहीये. नुसता धरलाय. चर्चमध्ये प्रार्थनेला शेजारच्याचा धरतात तसा."

दुपारचे ढग तोवर कड्यावर आले होते. पहिली गार टोपीवर टपकन आपटली. पलीकडच्या शिखरावर वीज पडली आणि उजेड नि आवाज एकदमच आले. उघड्या कड्यावर, पाइनखाली, पालथी पडलेली बायको! व्हर्जिलने तिची कंबर धरून ओढलं, ती किंचाळली. खांदा उखडेल, पण आतली पकड तसूभर ढिली होईना. त्याने स्क्रूड्रायव्हर शोधून आणला आणि खड्ड्यात सरकवला.

"घे बाबा तुझं... चुकलो... सोड तिला."

स्क्रूड्रायव्हर आत घरंगळत गेला. कुठे टेकल्याचा आवाज काही आला नाही.

"व्हर्जिल, बोटं थंड पडायला लागली," नीव्हा म्हणाली. ती आता रडत होती. "माझी की त्याची, कळत नाही..."

मग त्या ढेरपोट्याने, ज्याला खाली वाकता येत नव्हतं, शर्ट फाडून घेत, बरगड्या खरवडून घेत तिच्या हाताशेजारून आपला हात आत कोंबला. नीव्हाचं मनगट सापडलं. त्यापुढे तिची बोटं. आणि त्या बोटांमध्ये गुंफलेली दुसरी बोटं, लांब आणि चिकट, जणू ओली माती वळून केलेली.

"तिला सोड," तो खड्ड्यात तोंड घालून कुजबुजला. "मी आहे ना... मी येतो."

पकड सुटली. अगदी अलगद. दोघंही मागे कोलमडली. स्फटिक, कुदळ्या, सँडविचं, सगळं तिथेच टाकून गारांत धावत सुटली. व्हर्जिलचं पोट त्या दिवशी त्याच्या पुढे पळत होतं.

गाडी नीव्हाने काढली, व्हर्जिल धापा टाकत शेजारच्या सीटवर पडला. काचेवर पाण्याचे लोट वाहत होते. कच्चा रस्ता चिखलाने घसरत होता, एका बाजूला दरी. तो डोळे मिटून मागे रेलला. तेवढ्यात सीटवर ठेवलेला त्याचा हात तिने हातात घेतला. किती बरं वाटलं! चाळीस वर्षांच्या संसारात तिने इतक्या मायेने हात धरला नव्हता.

"नीव्हा," तो डोळे न उघडताच म्हणाला, "हात सोड गं. रस्ता घसरडा आहे, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेव."

नीव्हाने वळणावर गाडी सावरली.

"दोन्ही स्टिअरिंगवरच आहेत, व्हर्जिल..."