मुलाण्याचा वाटा

ही गोष्ट खरी आहे. 'धुक्यात भास होतात' असं सांगणाऱ्यांनी इथेच थांबावं. तो खुलासा ऐकून ऐकून मला वीट आलाय.

शाहू महाराजांचं राज्य होतं. साल १९०५ च्या आगेमागे. आषाढातला शेवटचा मंगळवार. भुदरगडच्या डोंगराखाली आमचं घर होतं आणि माझे पणजोबा लालासाब गावचे मुलाणी होते.

आमच्याकडे बोकड देवीचा असला तरी सुरी मुलाण्यानेच फिरवायची. त्याशिवाय कोणी मटणाला हात लावत नाही. डोंगरावरच्या वाडीत ज्ञानू धनगराचा नवस होता. आषाढ संपायच्या आत फेडायचा, म्हणून निरोप आला.

पणजोबांना जायचं नव्हतं. लग्नाला दोनच महिने झाले होते. घरात पणजी बिबीजान एकटी. दिवस मावळायच्या आत परत येतो, असा शब्द तिला देऊन ते पहाटे निघाले. एकटेच.

अर्धा चढ झाला आणि धुकं उतरलं.

वाट पायाखालची, तरी सापडेना. एक दुभंगलेला खडक लागला. बऱ्याच वेळाने पुन्हा तोच खडक. मग तिसऱ्यांदा तोच. पायाला जळवा चिकटलेल्या, त्यात पायताणाचा अंगठा तुटला. दुष्काळात तेरावा महिना. पणजोबांनी ज्ञानूला, त्याच्या बोकडाला आणि स्वतःच्या मुलाणकीला मनसोक्त शिव्या घातल्या.

मग त्यांच्या ध्यानात आलं...

पावसाचा आवाज थांबला होता.

पाऊस नव्हे. पाऊस अंगावर पडतच होता. बेडूकही गप्प झाले होते.

फक्त वरून कोणीतरी उतरत होतं...

चप्... चप्... चप्...

डोक्यावर घोंगड्याची खोळ. तोंड दिसलं नाही. हातात सागाच्या पानांत बांधलेलं काहीतरी होतं आणि त्यातून लाल पाणी ठिबकत होतं. पणजोबांनी वाडीची वाट विचारली. तो थांबला नाही, बोलला नाही. बहिरा आहे की माजलाय, असं पुटपुटत पणजोबा पुढे गेले.

त्यानंतरही वाडी लागायला दिवस कलला. ज्ञानूच्या दारात लोक जेवून हात धूत होते.

पणजोबांचं डोकंच फिरलं. एवढी पायपीट करून यायचं आणि यांनी पंगत उठवायची? माझ्याशिवाय बोकड कापला कोणी, असं त्यांनी दरडावून विचारलं. ज्ञानू हात पुसत पुढे आला.

"तुमीच की कापलासा, मुलाणी. दुपारच्या आत."

पणजोबांनी कमरेची सुरी काढून दाखवली. कोरडी, स्वच्छ. ज्ञानू आपल्या बोलण्यावर ठाम. तुम्हीच आलात, कोणाशी बोलला नाहीत, सुरी फिरवताना देवाचं नावसुद्धा घेतलं नाहीत. मानेचा वाटा मुलाण्याचा असतो, तो पानात बांधलात आणि निघालात. जेवून जा म्हणालो, तर एकच बोललात...

"घरात बायको एकटी हाय."

पणजोबा धावत सुटले.

घसरत, पडत, गुडघे फोडून घेत दिवस मावळताना ते दारात पोचले. दाराला आतून कडी होती. आतून मटण शिजल्याचा वास येत होता. त्यांनी हाक मारली. पणजीने आतून विचारलं, कोण? त्यांनी नाव सांगितलं.

"माझा मालक घरात हाय की."

मग पणजोबांनी सगळं सांगितलं. खडक, खोळवाला माणूस, ज्ञानूचं बोलणं. पावसात उभं राहून, बंद दारातून. म्हणून तर ही हकिगत आमच्यापर्यंत आली. आवाज त्यांचाच होता, हे पणजीने ओळखलं. तिचा हात कडीवर गेला.

चुलीपुढे पाठमोरा बसलेला माणूस जेवत होता. त्याने मान वळवली नाही.

"उघडू नगंस," तो म्हणाला. आवाज तोच.

बाहेर दार बडवणं सुरू राहिलं. मग रडणं. मग शिव्या. मग...

काहीच नाही.

मला पणजीचा राग येतो. हात कडीवर होता तिचा! पण आत बसलेलाही नवराच होता, तिने करायचं तरी काय? सकाळी दार उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. आतल्या माणसाबरोबर तिने चाळीस वर्षं संसार केला. तो पुन्हा कधी डोंगर चढला नाही, एवढंच तिने सांगितलं.

आजोबा चमन पुढच्या पावसाळ्यात जन्मले. मरताना पणजीने हे फक्त त्यांना सांगितलं आणि त्यांनी मला.

आजोबा मला नेहमी म्हणायचे, तू अगदी लालासाबावर गेलायस. ही हकिगत कळल्यावर मी त्यांना कितीदा तरी विचारलं, कोणत्या लालासाबावर?