भंगारपेटीतली टेप

"एक टेप रडली तर दुखणं तिचं; सगळ्या रडल्या तर दुखणं यंत्राचं."

संगणकांच्या यंत्रघरात उभा जन्म काढलेला दादा गेला, पण हा त्याचा आवाज भाऊजींच्या कानात अजून होता. दादामागे वहिनी खासगी तपास करू लागली आणि भाऊजी तिची पिशवी सांभाळत मागे मागे.

आज दोघं टेपांच्या खोलीत आले होते. इस्पितळाचं तळघर, हाडं गोठवणारा गारठा, पंख्यांची न थांबणारी घरघर. समोर संगणकातल्या नोंदींच्या टेपा सांभाळणारी टेपवाली उभी होती.

"ताई, ऑपरेशनात एक लेकुरवाळी दगावली. तिच्या श्वासयंत्राची नोंद वरच्या संगणकातून पुसली गेलीय. उरली ती या टेपवर, आणि टेप वाचलीच जात नाही! खराब टेप मी बदलली नाही म्हणतात. उद्या पोलीस येणार. माझी लेकरं कुणाकडे बघतील हो?"

"टेप कधी बदलायची, ते कसं ठरवतेस?"

"थोडं अडखळणं प्रत्येकीचंच, यंत्र सावरून घेतं. पण दर फेरीला ते वाढत चाललं, आणि दुसऱ्या यंत्रातही तसंच झालं, की बाद. परवाच एक काढली, 'फेऱ्या संपल्या' असं लेबल लावून भंगारपेटीत टाकली. आज तिचा चुरा करायला नेतील. ही मात्र कोरी करकरीत होती, ताई! त्या नोंदीसाठीच तिचं वेष्टन फोडलं."

दुरुस्तीवाला आला तो फणकारतच. "माझ्यावर ढकलू नका. बाकीच्या टेपा घडाघडा वाचल्या जातायत. ही एकटीच दोन्ही यंत्रांत रडते."

"म्हणजे दुखणं टेपचंच. संपलं!" भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, तुमचा निकाल नेहमी खटल्याच्या आधी."

त्या ऑपरेशनात भूल देणारे मोठे डॉक्टर उंबऱ्यावरच थांबले. "मी या खोलीत कधी पाऊल टाकलेलं नाही. पण फेऱ्या संपलेली टेप वापरायची म्हणजे काय? हा गुन्हाच!"

ते आत आले आणि त्यांनी पाठीमागे दार लावलं.

वहिनी टेपच्या लेबलावरून बोट फिरवत होती. कोपरा उचकटलेला होता.

"टेपच्या पोटात चिप असते," ती हळूच म्हणाली. "किती फेऱ्या झाल्या, किती अडखळली, सगळं त्यात. लेबल उपटता येतं, चिप नाही. दुरुस्तीवाले, वाचा बरं."

त्याने चिप वाचली. "अहो, ही तर शेकडो वेळा फिरलीय!"

"कोरी टेप? शेकडो वेळा? ही बाद झालेली टेप आहे. कुणीतरी लेबलं अदलाबदल केली. खरी नोंद भंगारपेटीत चुऱ्याची वाट बघतेय. आणि डॉक्टर, 'फेऱ्या संपल्या' हे शब्द त्या पेटीतल्या लेबलावरचे. इथे कधी न आलेल्या माणसाने ते वाचले कुठे?"

टेपवालीने पेटीतली टेप आणून यंत्रात सरकवली. एकदाही न अडखळता ती वाचली जाऊ लागली.

डॉक्टरांनी दाराची कडी सोडली.

"श्वासयंत्र सारखं रडत होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, बिघाड यंत्राचाच. मीच त्याचा आवाज बंद केला. नोंदीत तेच दिसलं असतं." ते भिंतीला टेकले. "दुखणं तिचं होतं."