दोन थापा

फ्रीज अठरा वर्षांचा आहे. आवाज तो आधीपासूनच करायचा, पण त्याचा बंदोबस्त बायको करायची. खडखड सुरू झाली की ती ओट्यापाशी उभी राहून, मागे न वळताच, ओल्या हाताने त्याच्या बाजूला दोन थापा मारायची. "पुरे आता," म्हणायची. फ्रीज गप्प व्हायचा. त्या आवाजात मला काही म्हणाली असती, तर मीही झालो असतो.

ती जाऊन पाच महिने झाले. तेव्हापासून मी त्या फ्रीजवर हात आपटतोय. वर, मागे, दोन्ही बाजूंना. पायाखाली पुठ्ठा घातला. मागची जाळी जुन्या टूथब्रशने घासली. भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, त्यात कंबर धरली. खडखड तशीच. दुपारी चहाच्या वेळेला सुरू होते आणि डोकं उठेपर्यंत चालते. थाप नेमकी कुठे मारायची हे मी तिला कधी विचारलं नाही. फ्रीजपेक्षा त्याचाच राग जास्त येतो.

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, भंगारात द्या तो. मी मेकॅनिकला बोलावलं. त्याने दाराला कान लावला आणि सांगितलं की आत बर्फ वाढलाय, पंखा त्याला घासतोय. एक दिवस बंद करून दार उघडं ठेवायचं, बस. मी म्हटलं, बंद न करता काही होणार नाही का?

"काका, बर्फावर एवढा जीव?" तो म्हणाला.

बर्फावर नव्हता. फ्रीझरमध्ये एक डबा आहे. तिने केलेलं सूप. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्या अक्षरात तारीख, हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशीची. तिच्या हातचं तेवढंच उरलंय. प्यायलं तर संपेल, वितळलं तर नासेल.

शेवटी सकाळी डबा टॉवेलात गुंडाळून वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे ठेवायला दिला. त्यांचा फ्रीज दोन महिन्यांपूर्वीचा, नवाकोरा. माझा बंद केला. दिवसभर फडक्याने पाणी टिपत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केला. दुपार झाली, चहा झाला. आवाज नाही. मेकॅनिक बरोबर होता. मी डबा आणायला वर गेलो.

वहिनी वैतागलेल्या होत्या. काल दुपारपासून त्यांचा फ्रीज खडखडायला लागला होता. दुकानदाराला फोन करून झाला होता.

"आत्ता तुम्ही थापा मारल्यात, तेव्हा कुठे थांबला," त्या म्हणाल्या.

"मी? मी आत्ताच येतोय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या म्हणे तेव्हा बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. दोन थापा ऐकू आल्या. दार लोटलेलंच असतं, मी आत आलो असेन असं त्यांना वाटलं.

आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो. फ्रीजच्या बाजूला ओल्या पंजाची खूण होती, अजून वाळत होती. फार खाली, माझ्या कमरेच्याही खाली.

मी पाच महिने माझ्या खांद्याच्या उंचीवर मारत होतो. ती माझ्या खांद्यालाही लागत नव्हती.

वहिनींनी डबा काढून माझ्या हातात दिला.

घरी आलो. डबा फ्रीझरमध्ये ठेवला, दार लावलं.

खडखड सुरू झाली.

मी गुडघ्यावर बसलो. ती जागा अंदाजाने धरली आणि हात उगारला.

तो पोचायच्या आत दोन थापा पडल्या.

आवाज थांबला.

मी हात तिथे टेकवला. फ्रीजची बाजू गार होती. पंजाएवढी जागा तेवढी ओली होती, आणि कोमट.