झाकलेल्या डिशेस

"मी निष्कर्ष बनवून लिहिले, असं विद्यापीठ म्हणतंय," सुमेधा परांजपे म्हणाली. "उद्या सकाळी चौकशी समिती. त्यानंतर मी खोटारडी म्हणूनच ओळखली जाईन."

२००६चा जुलै. ब्रिस्टलमधल्या प्रयोगशाळेत खासगी गुप्तहेर वरदा कीर्तने ऐकत होती. सोबत तिचे स्नेही डॉक्टर उदय. निदानात वाकबगार, संशयात कच्चे.

युगांडात ज्याची पानं जखमेवर लावतात, त्या ब्लॅकजॅक नावाच्या रानरोपाचा अर्क जंतू मारतो, हे सुमेधाने वारंवार दाखवलं होतं. समितीने मागितलेल्या फेरचाचणीत मात्र एकही जंतू मेला नाही.

"एरवी जंतू वाढवायच्या डिशेस कुठे ठेवायचीस?" वरदाने विचारलं.

"खिडकीत, वरदाताई. इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे त्या उबदार बंद कपाटात, मला कुणी शेल्फच दिलं नाही. फेरचाचणी तेवढी नियमाप्रमाणे आत झाली."

"आणि तिथल्या बायका लेप कसा लावतात?"

"लावून उन्हात बसतात. पट्टी बांधत नाहीत. का हो?"

वरदाने खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं.

विभागप्रमुख पद्माकर देवधरांचा मत्सर निदान प्रामाणिक होता. "आयुष्यभर आफ्रिकन झाडांच्या साली उकळल्या मी. हिला पहिल्याच गवतात देव भेटतो! जळतो मी, लिहून घ्या. पण तिने डिशेस माझ्यासमोर भरल्या, मिहीरच्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी समितीसमोर मी इन्क्युबेटर उघडला, डिशेसवरची फॉइल सोडली, तर जंतू खुशाल!"

मिहीर सुमेधाचा नवरा; त्याच प्रयोगशाळेतला, तिच्याहून ज्येष्ठ, पण तिच्याहून कमी नावाजलेला. "किल्ली माझ्याकडेच होती, आय वोन्ट डिनाय इट. झाकणांवरचे नंबर वाचून डिशेस आत रचल्या, कुलूप लावलं. बिचारी! म्हटलं तिला, सोड हे सगळं. घरी बस, मी आहे ना."

"त्या म्हाताऱ्या देवधरचंच काम!" कॉरिडॉरमध्ये उदय पुटपुटले. "अर्क बदलला त्याने."

"मत्सर बोलून दाखवणाऱ्याचा तो बोलण्यातच संपतो, उदय. सहानुभूती वाटत फिरणाऱ्यांपासून जपावं."

वरदाने सर्वांना बोलावलं.

"अर्क तोच होता. या पानांतलं द्रव्य उजेडातच जंतू मारतं. खिडकीत मारलं, अंधारात नाही. सुमेधाला हे ठाऊक नव्हतं, देवधरांनाही नाही. पण अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या डिशेसना फॉइल कशाला? टेबलापासून कपाटापर्यंतच्या उजेडाचीही ज्याला भीती वाटली, त्यानेच ती गुंडाळली."

"कुणी?" उदय म्हणाले.

"मिहीरने नंबर वाचले, म्हणजे डिशेस तोवर उघड्या होत्या. देवधरांनी कपाट उघडलं तेव्हा त्या गुंडाळलेल्या होत्या. मधल्या वेळात किल्ली एकाकडेच होती."

मिहीरने किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाला, "तिचा अर्क मी चोरून तपासला होता. खिडकीत एक, कपाटात एक."

"म्हणजे उजेडाचा शोध तुमचा," वरदा म्हणाली. "कीर्ती मिळाली असती, तीही बायकोच्या शेजारी. पण शेजारी बसणं तुम्हाला कमीपणाचं वाटलं."

मिहीरने सुमेधाकडे पाहिलं. "तुला कधीच माझी गरज पडली नाही गं. एकदा तरी पडावी, एवढंच वाटलं."

सुमेधाने पर्स उचलली.

"उद्या पडणार आहे. साक्षीला ये."