जागा धरून ठेव

या, बसा. मघाशी दारातून "कोणी आहे का?" असं विचारलंत तेव्हा मी इथेच बसले होते. पण तळघरातल्या या खोलीला खिडकी नाही, आणि टेबलावरच्या दिव्याचा उजेड जेमतेम कागदापुरता पडतो. तुमची काही चूक नाही. चहावाला एकच कप ठेवून गेलाय, तो तुम्ही घ्या. अकरा वाजत आलेत. मला साडेअकराला निघायचंय, तोवर काम समजावून सांगते.

काम तसं सोपं आहे. 'या आठवड्यात चित्रपटगृहांत' हे आपलं सदर दर शुक्रवारी येतं. गुरुवारी सकाळी एकेका थिएटरला फोन लावायचा, उद्यापासून काय लागतंय ते विचारायचं आणि आठ चौकटी भरायच्या. सिनेमाचं नाव, थिएटर, वेळ, प्रकार आणि एका वाक्यात गोष्ट. शेवट सांगायचा नाही. या आठवड्याचंच बघा ना... दोन विनोदी आहेत, एक प्रेमकथा, एक मारधाड, एक कोर्टातल्या खटल्याचा, एक अंतराळातला, एक लहान मुलांचा. संपादकांना पानावर सगळ्या प्रकारचं लागतं. लोक विचारतात, हे सगळे बघून लिहिता का? छे हो! एवढे सिनेमे बघायचे तर घरदार सोडावं लागेल. पोस्टरवरून आणि फोनवरच्या माणसाच्या आवाजावरून अंदाज येतो. शितावरून भाताची परीक्षा.

मात्र चौकटी आठच हव्यात. वरच्या मजल्यावर पान लावणारे काका आहेत, ते मागे म्हणायचे, "बाई, सात दिल्यात तर पान बोळकं दिसतं." हल्ली ते काही म्हणत नाहीत. चौकटी वर पाठवल्या की पान लागतं. बोलणं असं होतच नाही.

आता आठव्या चौकटीचं सांगते. ते नीट ऐका, कारण आजनंतर हे टेबल तुमचं.

मला एक थोरली बहीण आहे. ताई. आईवडील लवकर गेले, तिनेच मला वाढवलं. माझ्यापायी लग्न केलं नाही आणि त्याचं कधी बोलूनही दाखवलं नाही. तिला नाद एकच, दुपारचा बाराचा खेळ. माझं सदर वाचून सिनेमा निवडायची, अर्धा तास आधी जाऊन बसायची आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायची. ताई जागा धरायची म्हणजे किल्लाच लढवायची. "बहीण येतेय माझी," म्हणत भल्याभल्यांशी भांडायची. लहानपणापासून आमचा एक नियम होता. धरलेल्या जागेवरचा रुमाल तिसऱ्याने उचलायचा नाही. रुमाल उचलला की जागा गेली.

आणि बहीण काही यायची नाही. सकाळी मी "येते गं" म्हणायचे आणि बारा वाजता इथे फोनला चिकटलेली असायचे. एकदोनदा नाही, वर्षानुवर्षं. ती एकटीच सिनेमा बघून यायची आणि रात्री मला गोष्ट सांगताना पुन्हा सगळं हसायची. तिचं हसू वेगळंच. पडद्यावर विनोद व्हायच्या आधी सुरू होणार, आधी बारीक, घशातल्या घशात, मग एकदम फुटणार. सगळं थिएटर मागे वळून बघायचं. ते हसू लक्षात ठेवा. तुम्हाला लागेल.

दोन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी एका थिएटरचं मशीन बिघडलं आणि माझ्या चौकटी सात झाल्या. चार वाजता पान जाणार होतं. आठवीत काय घालू? मागच्या गल्लीत एक थिएटर होतं, अकरा वर्षं बंद पडलेलं. म्हटलं, तिथे लावू काहीतरी. बंद थिएटरला कोण जातंय आणि कोण तक्रार करतंय! त्या दिवशी सकाळीच ताईशी माझं वाजलं होतं. "उद्या तरी येशील?" तिने विचारलं, आणि मी म्हणाले, "मला कामं असतात, ताई. तुला काय, रिकामटेकडी." तोंडातून गेलं ते गेलं. तो रागही होता हातात. दोन मिनिटांत लिहून टाकलं.

'जागा धरून ठेव. दुपारी बारा. प्रकार भय. एक बाई बहिणीसाठी जागा धरते, आणि बहीण येऊन बसेपर्यंत तिला उठता येत नाही.'

भयपट त्या आठवड्यात नव्हताच, म्हणून प्रकार भय. ताई वाचेल, हसेल, संध्याकाळी माझा कान धरेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शुक्रवारी साडेअकराला तिचा फोन आला. "लबाड! आपल्यावरच लिहिलंस की गं. आणि थिएटर केवढं छान केलंय पुन्हा! ये आज तरी. जागा धरून ठेवते."

"ताई, कुठे आहेस तू? ते बंद आहे..."

फोन तुटला होता.

मी उठले आणि तशीच धावले. भर दुपार, टळटळीत ऊन. गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारा डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याच्या समोरच थिएटरचं शटर कमरेइतकं वर उचललेलं. वाकून आत गेले. पोस्टरच्या चौकटीत पोस्टर नव्हतं, नुसता दिवा जळत होता. ओल्या गालिच्याचा वास येत होता, आणि त्यात आणखी एक, तापलेल्या दिव्यावर धूळ जळते ना, तसा.

आतल्या दारापाशी बॅटरीवाला उभा होता. अंधारात लोकांना जागा दाखवणारा, म्हातारा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. तिकीट मागितलं नाही त्याने. "या बाई," म्हणाला, "तुमची जागा धरलीय."

आत काळाकुट्ट अंधार. बॅटरीचा गोल उजेड माझ्या पावलांपुढे सरकत होता. पडद्यावर चित्र होतं, पण आवाज नव्हता. आवाज होता तो श्वासांचा. भरलेल्या थिएटरात येतो तसा... खूप माणसांचा, एकदम. उजेड एका रांगेवरून गेला तेव्हा मला दिसलं. एक माणूस, शेजारी रिकामी खुर्ची. पुन्हा एक माणूस, पुन्हा रिकामी खुर्ची. आणि प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर काहीतरी ठेवलेलं. घडी केलेलं वर्तमानपत्र. छत्री. लहान मुलाचा स्वेटर.

मला धुळीने शिंका येतात. लागोपाठ तीन. दोन नाही, चार नाही. तशा आल्या. मागून सहाव्या रांगेतून आवाज आला, "आलीस?"

ताईच. मान न वळवता म्हणाली. शेजारच्या खुर्चीवर तिचा निळ्या काठाचा रुमाल.

"ताई, चल. ऊठ."

"बस ना आधी."

"घरी जाऊ गं... चल लवकर."

"उठता येत नाही," ती म्हणाली, अगदी शांतपणे, गुडघा दुखतोय सांगावं तसं. "तू बसलीस की येईल."

मी तिचा हात ओढला. हात गार होता आणि तो जागचा हलला नाही. बॅटरीवाला माझ्या मागे येऊन थांबला होता, त्याचा श्वास मला ऐकू येत नव्हता. मी मदतीसाठी इकडेतिकडे बघितलं, आणि तेव्हा पहिल्यांदा नीट पडद्याकडे बघितलं. पडद्यावर हेच थिएटर होतं. आमच्याकडे तोंड करून बसलेली माणसं, रांगाच्या रांगा. मी मागून सहावी रांग मोजली. त्या रांगेत ताई बसली होती. तिच्या शेजारी रुमाल नव्हता.

तिच्या शेजारी मी बसले होते.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. मी पळाले. जिने मला वाढवलं तिच्या शेजारी दोन क्षण बसायचं होतं, तेवढंही माझ्याच्याने झालं नाही. अंधारात कुठेतरी अडखळले, पडले, कशी बाहेर आले ते आठवत नाही. आठवतं ते एकदम गल्लीतलं ऊन. घड्याळवाल्याला हाका मारल्या, त्याने मान वर केली नाही. मग चौकीवरच्या हवालदाराच्या मागे लागले. तो गल्लीकडे निघाला, माझ्या सांगण्यावरून की आपल्या फेरीवर, देव जाणे. मी मागोमाग गेले.

शटर खाली होतं. कुलूप गंजलेलं. त्याने ते ओढून बघितलं तर हातातच आलं, मग शटर उचलून त्याने आत बॅटरी मारली. खुर्च्याच नव्हत्या. भंगारात गेल्या असणार केव्हाच. नुसती उतरती सिमेंटची जमीन, आणि त्यावर मध्येच निळ्या काठाचा रुमाल, घडी घातलेला. सगळीकडे बोटभर धूळ, त्याच्यावर कणही नाही. हवालदार स्वतःशीच म्हणाला, "कुणाचा तरी पडला असेल." त्याने उचलला नाही. मीही नाही. कसा उचलणार? जागा गेली असती.

ताई घरी आली नाही. पुढच्या गुरुवारी या फोनची घंटा वाजली. "बाई, लिहून घ्या. जागा धरून ठेव. दुसरा आठवडा." बॅटरीवाल्याचा आवाज. मी ओरडणार होते, पण त्याच्या मागे, लांबून, मला ऐकू आलं. आधी बारीक, मग एकदम फुटलेलं. ताई हसत होती.

मी लिहून घेतलं. काय करणार होते? चौकट काढली आणि खेळ उतरला, तर आत बसलेल्यांचं काय होईल? तिसरा आठवडा, दहावा आठवडा, पन्नासावा. दर गुरुवारी अकराच्या सुमाराला फोन, आणि मागे ते हसू. त्या हसण्यावर मी दोन वर्षं काढली. दर शुक्रवारी ठरवायचे, आज बारा वाजता जायचं आणि बसायचं. आणि दर शुक्रवारी गल्लीच्या तोंडावरून परत यायचे. भित्री ती भित्रीच.

मागच्या गुरुवारी तो म्हणाला, "एकशे चार आठवडे झाले, बाई. पुढच्या गुरुवारी शेवटचा खेळ."

"आणि आतली माणसं?"

"खेळ उतरला की दार लावून घेतो आम्ही."

तो पुढचा गुरुवार म्हणजे आज. म्हणून टेबल तुम्हाला देऊन चाललेय. आज मी बसणार आहे. भीती वाटतेय का म्हणून विचारू नका. पण ताईने माझ्यासाठी एकशे चार आठवडे जागा धरलीय हो. कोण धरतं एवढं?

तुमच्याकडे एकच मागणं आहे. फोन पुन्हा आलाच, तर तो काय बोलतो तिकडे लक्ष देऊ नका, मागचं ऐका. ताईचं हसू ऐकू आलं, तर माझं जाणं फुकट गेलं. हसू नसलं आणि लागोपाठ तीन शिंका ऐकू आल्या, तर समजा की मी बसले आणि ताई सुटली. मग एवढं करा, आमच्या घरी जाऊन तिला सांगा की मी...

थांबा. फोन वाजतोय.

तुम्ही बसा, मी घेते.

...हो, बोलतेय.

...काय?

...नाही, मी अजून निघालेच नाही. अहो, मी इथे ऑफिसात आहे, माझ्यासमोर नवीन बाई बसल्यात...

ठेवला त्याने.

म्हणाला, "बाई, आता येऊ नका. ती जागा पहिल्याच दिवशी भरलीय. तुमच्या ताईच उठायला तयार नव्हत्या, तुमचा हात धरून बसल्या होत्या. आज सोडला त्यांनी."

मागे ताईचं हसू नव्हतं. खूप ऐकलं मी, कान देऊन ऐकलं. नव्हतं. नुसता श्वासांचा आवाज होता, आणि मग कोणीतरी शिंकलं. एक. दोन. तीन.

तुम्ही दारातून आलात तेव्हा मी खरंच दिसले नव्हते का हो तुम्हाला? आत्ता दिसतेय ना? मघापासून तुम्ही दिव्याकडेच बघताय... चहाही तसाच राहिला तुमचा.

जरा माझ्या हाताला हात लावून बघता का? ताई एव्हाना घराकडे निघाली असेल. जिना चढेल, दार उघडेल, आल्या आल्या मला हाक मारेल. तिला मी दिसायला हवी हो.